कापडाची खोप

मामा, तुम्ही बसलेले होतात.

आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवतात, झोपवत नाहीत, हे मला काय नवीन आहे? उमरीत माझ्या आजोबांना असंच बसवून नेलेलं मी बघितलंय. तरीही देवणीत तुमच्या दारात आलो, पायातली चप्पल काढायला वाकलो, मान वर केली, आणि समोर तुम्ही. ओट्यावर, भिंतीला टेकून, मांडी घालून. कपाळभर विभूती. अंगावर नवी शाल. मान जराशी एका बाजूला, गिऱ्हाईक भाव पाडून मागायला लागलं की करायचात तशी. मी सवयीनं बोलून गेलो, "मामा, चुका मिळाला बरं का."

सगळं अंगण माझ्याकडं बघायला लागलं. रडणाऱ्या बाया रडायच्या थांबल्या. माझ्या हातात आंबट चुक्याची जुडी, तिच्या मुळांची माती पँटवर सांडतेय, आणि मी सासऱ्याच्या मयतीला पालेभाजी घेऊन उभा. जावई म्हणून तुमच्या घरात मी पुष्कळ सोंगं केली, पण असा प्रवेश कधी केला नव्हता. आणि तुम्ही गप्प. माझं वाक्य पडलं आणि तुमचं आलं नाही, असं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच झालं. मी खरंच थांबलो होतो, मामा. नाटकात समोरचा नट वाक्य विसरला की आपण डोळ्यांनी त्याला सुचवत थांबतो, तसा.

अजून थांबलोच आहे.

तुम्हाला माहीत आहे, नांदेडात कुणाचा सत्कार असो, साखरपुडा असो, नाहीतर शाळेचं गॅदरिंग, माईक फिरून माझ्याच हातात येतो. तिसऱ्या दिवशी तुमच्या दारातही आला. लोक म्हणाले, जावईबापू, दोन शब्द बोला. मी "मामा" म्हणालो आणि माईक तुमच्या थोरल्याच्या, शिवाच्या हातात दिला. नांदेडचा जावई एका शब्दात आटोपला, ही गोष्ट देवणीत अजून कुणाला खरी वाटत नाही म्हणे. उरलेलं हे इथं लिहून राहिलो.

त्या दिवशी सकाळी आम्ही कंधारला होतो. तुमचा फोन आला.

"कुठं आलाव?"

"कंधार."

"अजून कंधारच? बैलगाडीनं निघालाव का?"

"तुमची लेक कुलूप लावून पुन्हा उघडती आणि गॅस बघून येती. त्याला मी काय करू?"

"ती लहानपणापासून तसलीच हाय. बरं, तितं बाजारात आंबट चुका मिळतो का बगा. हितं समदा संपलाय. चुक्याबिगर भज्जी म्हंजे..."

"म्हंजे?"

"म्हंजे नांदेड."

असं म्हणून स्वतःच हसलात. मग मी मुद्द्याला हात घातला. मामा, म्हटलं, यंदा पाऊस झालाय, कडबा रग्गड आहे. यंदा रानातली खोप कडब्याची करू, चार लोक करतात तशी. तुम्ही म्हणालात, "चार लोक करत्यातच की. मग आपण कशाला करायची? आपली कापडाची." मी म्हणालो, लोक हसतात. तुम्ही म्हणालात, "मग येळवस काय रडाय असती का?" मी म्हणालो, ते काही नाही, मी रानात दादारावांना कडबा सांगून ठेवलाय. तिकडं तुम्ही जरा थांबलात. गिऱ्हाईक लई ताणायला लागलं की गादीवरून उठल्यासारखं करायचात ना, तसं थांबलात, आणि म्हणालात, "आल्यावर बोलू."

मामा, मी आलो. बोला की.

जळकोटच्या अलीकडं शिवाचा फोन आला. पुण्याहून तो आदल्या दिवशीच बायको-लेकीला घेऊन पोचला होता. पुण्याला गेल्यापासून येळवशीला पहिल्यांदाच. त्याला पोरीच्या शाळेतून सुट्टी काढायला लावायला तुम्ही काय काय नाटकं केलीत ते मला ठाऊक आहे, कारण त्यातली निम्मी मीच लिहून दिली होती. शिवा म्हणाला, "भावजी, या."

"येतोयच की रे."

"तसं नाही. या."

तुमची नंदा माझ्या शेजारी बसली होती. तिला फोनवरचं ऐकू आलं नव्हतं. तिनं चुक्याची जुडी पायाजवळून उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "गाडी दाबा."

नंतर कळलं ते असं. फोन ठेवल्यावर तुम्ही घरातून थेट दुकानात गेलात. वरच्या फळीवरचं गुलाबी कापडाचं ठाण काढायला स्टुलावर चढलात. पोरगा दुकान बघतो, नोकर आहेत, हे सगळं असून स्वतः चढलात. ठाण काढलंत, खाली उतरलात, आणि म्हणालात, "जरा बसतो." गादीवर बसलात. ठाण मांडीवर. बस्स. नोकराला वाटलं, मालक कापड बघून राहिलेत.

म्हणजे "आल्यावर बोलू" ही थापच होती तर! बोलायचं नव्हतंच तुम्हाला. मी पोचायच्या आत कापड काढून, बांबू बांधून, मोकळं व्हायचं होतं. आयुष्यभर तुम्ही गिऱ्हाइकाला हेच केलंत. तो नको नको म्हणतोय तोवर कापड फाडून बांधून त्याच्या हातात. मला राग आला मामा, खरं सांगतो. त्या ओट्यासमोर उभा राहून मला आधी राग आला. रडू लई मागून आलं.

येळवस म्हणजे काय, हे नांदेडात निम्म्या लोकांना सांगावं लागतं. तुम्ही तेवढं कानावर हात ठेवा, मी वाचणाऱ्यांना सांगतो. वेळ अमावस्या. हिवाळ्यातली. त्या दिवशी लातूरकडचा माणूस घरी जेवत नाही. दुकानं बंद, रस्ते मोकळे, शहरात संचारबंदी लागल्यासारखं, आणि सगळी माणसं रानात. उभ्या पिकात कडब्याची खोप करायची, आत पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडायचे, पुजायचे, आणि मग जेवायचं. हरभरा, तूर, वाटाणा, वाल, जे जे रानात आहे ते ते एका पातेल्यात शिजवलेली भज्जी, बाजरीचे गोल उंडे, ताकातली अंबील. अंबिलीची बिंदगी, म्हणजे मातीचं लहानसं मडकं, घोंगडीत धरून एकानं "ओलगे, ओलगे" ओरडत रानाला चक्कर मारायची. आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्याला हाक मारायची, आणि हाक मारली की त्यानं जेवायला बसायचं. कुणाचं रान, कोण पाहुणा, हे विचारायचं नाही.

आमच्या उमरीकडं हे नाही. त्यावरून तुम्ही मला किती बोललात! "रानात बसून भज्जी खाल्ली न्हाई त्यो माणूस कसला, त्यो नुसता मतदार."

आणि गंमत अशी की तुम्हीही दुकान सोडेपर्यंत येळवस धड कधी केली नव्हती. मामी लेकरांना घेऊन कुणाकुणाच्या रानात जायच्या आणि तुम्ही अर्धं शटर ओढून आत हिशेब करत बसायचात. डबा यायचा. डब्यातली येळवस. हे मला मामींनीच सांगितलं. दुकान शिवाच्या धाकट्या भावाकडं, गुरुनाथकडं सोपवलंत आणि मग तुम्हाला काय झालं कोण जाणे. माणसं म्हातारपणी काशीला जातात. तुम्ही खोड्या करायला लागलात.

नांदेडला आला होतात तेव्हाचं आठवतं? म्हणालात, चला, कापड बघू. नंदाला वाटलं, आप्पा लेकीला साडी घेणार. आपण सगळे एका मोठ्या दुकानात. तुम्ही गादीवर ऐसपैस बसलात आणि म्हणालात, "दाखवा." त्या बिचाऱ्यानं ठाणांवर ठाणं उलगडली. तुम्ही दोन बोटांत कापड धरायचात, चुरगाळायचात, उजेडात न्यायचात, "ह्याच्यात निळा?" म्हणायचात. चहा आला, प्यालात. आमच्या गुडघ्यापर्यंत कापड साचलं. मग उठलात, धोतर झटकलंत, आणि म्हणालात, "बघू. येतो फिरून."

रस्त्यावर येऊन तुम्ही दिव्याच्या खांबाला धरून हसलात. "आयुष्यभर लोकांनी मला हेच केलं. म्हटलं, कसं वाटतंय ते एकदा बघावं." मामी इतक्या शरमल्या की परत जाऊन रुमाल घेऊन आल्या. आणि तुम्ही म्हणालात, "लई गोड वाटतंय गं. लोकांचं काय चुकत नव्हतं."

घरी आल्यावर मी तुमची नक्कल करून दाखवली. त्या दुकानदाराचीही केली. तुम्ही म्हणालात, दुकानदाराची चुकली, तो मनातून शिव्या देत होता ते तुमच्या तोंडावर दिसंना. पुन्हा करा. मी पुन्हा केली.

पण माझी सगळ्यात लाडकी गोष्ट दुष्काळाचीच. ती मी नांदेडात इतक्यांदा सांगितली की ऐकणारे पुढचं वाक्य माझ्या आधी म्हणतात. तुम्हाला मात्र समोरासमोर पूर्ण कधी सांगू दिली नाहीत. मध्येच तोडून, "तसं न्हाई, असं झालं," म्हणायचात. आज तोडता येणार नाही. ऐका.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या आधीचा तो हिवाळा. पाऊस नव्हताच. विहिरी तळाला, जनावरं चाऱ्याला महाग. कुणी येळवशीचं नाव काढत नव्हतं. रानात काही नाही, तर भज्जीत काय घालणार? आणि त्या वर्षी तुम्ही म्हणालात, यंदा आपण येळवस करायची. मामी म्हणाल्या, डोकं फिरलंय. तुम्ही मला फोन केलात, "जावईबापू, दरसाल मी आहेर करतो. यंदा तुमी मला करा. कपडे नकोत. पाणी आणा."

मी गाडीत कॅन भरून गोदावरी घेऊन आलो. नांदेडच्या माणसाला याहून मोठा मान कुठला? वाटेत प्रत्येक गावाला मी काच खाली करून मान ताठ ठेवून बसलो होतो. तुम्ही एक कॅन उघडलंत, वास घेतलात आणि म्हणालात, "ह्या पाण्याला जरा गर्व हाय."

शंकरप्पांनी तुम्हाला त्यांच्या रानात बोलावलं होतं. बोलावलं होतं पेरणीच्या दिवसांत. "नाल्याच्या पलीकडं जोंधळा उभा दिसंल, ते आपलं रान." तुम्ही ते पक्कं लक्षात ठेवलंत. दुकानदार माणूस, खूण म्हणजे खूण. आता नाल्याच्या पलीकडं गेलो तर जोंधळा कुठाय? जोंधळा कुणाकडंच नव्हता. दिसेल तिथपर्यंत नुसती भेगाळलेली काळी माती, सगळी रानं एकासारखी एक. तुम्ही मधोमध उभे राहिलात, मीटरपट्टी धरावी तसा हात लांब केलात आणि म्हणालात, "हेच."

"कशावरून?"

"माती बगा. शंकरप्पाचीच हाय."

कडबा कुठून आणायचा? कडब्याची पेंढी त्या वर्षी सोन्यासारखी होती, खोपीला कोण देणार? तर तुम्ही गाडीतून गाठोडं काढलंत. न खपलेली लुगडी. गुलाबी, पोपटी, हळदी. दुकानाच्या पडवीचे बांबू. त्या काळ्या ठिक्कर रानात आपण लुगड्यांची खोप उभी केली, मामा. वाऱ्यानं फडफडायची. दोन मैलांवरून दिसत असणार. आत पाच दगड मांडले. चुना नव्हता, तर मामींनी तुमच्या डबीतली विभूती लावली. भज्जीत वाण्याकडची डाळ आणि माझं गर्विष्ठ पाणी. बिंदगी घेऊन मी चक्कर मारली आणि असा ओरडलो की नाल्यातली कुत्री भुंकायला लागली. तुम्ही बसल्या जागेवरून ओरडलात, "नाटक नगं! नीट म्हना!"

जेवण अर्ध्यावर आलं होतं. बांधावर एक माणूस उभा. मागं त्याची बायको, डोक्यावर टोपलं, मागं पोरं. तो बघतोय, आम्ही खातोय.

"जयभीम," तो म्हणाला.

"जयभीम. शरणार्थी," तुम्ही त्याचा आणि आपला, दोन्ही नमस्कार केलेत, आणि हाक मारलीत, "या या! जेवाय बसा!"

तो हलेना. "न्हाई, मी लांबून बगितलं. मला वाटलं उदगीर जिल्ह्यासाठी उपोषणाला बसलेत लोक. मंडप दिसला."

"उपोषणाला भज्जी असती का?"

"त्येच म्हणून राहिलो मी बायकूला." मग त्यानं पाच दगडांकडं बघितलं. "हे काय मांडलंय?"

"पांडव हायत."

"माझ्या रानात पांडव कवा आले?"

मामा, त्या क्षणी माझा घास तोंडातच राहिला. मामींनी पदर तोंडावर घेतला. नंदा माझ्याकडं बघतेय, मी तुमच्याकडं. आणि तुम्ही? जराही न चाचरता, हातातला उंडा खाली न ठेवता, जागेवर थोडं सरकून त्या माणसाला म्हणालात,

"या की मग. लाजू नका. आपलंच रान समजा."

तो दादाराव. तो बांधावरच असा हसला की खाली बसला. मग टोपलं उतरलं, त्यांची भाकरी, त्यांचा ठेचा, आपली भज्जी, सगळं एकत्र झालं. "आमच्यात पूजा नसती," दादाराव म्हणाले, "पण जेवण असतंय." तुम्ही म्हणालात, "आमाला जेवणच कमी पडत होतं. पूजा रग्गड हाय." दादारावांच्या बायकोनं लुगड्यांच्या खोपीत शिरून एका काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मुक्काम करावा वाटतंय बाई." आणि बिचारे शंकरप्पा दोन बांध पलीकडं तुमची वाट बघत उपाशी बसले होते. रंगीत खोपीकडं बघून बायकोला म्हणत होते, "कोण उधळ्या हाय की, दुष्काळात."

त्यानंतर दरवर्षी दादारावांच्याच रानात, आणि खोप कापडाचीच. चुकलेलं रान आपण पुन्हा दुरुस्त केलंच नाही.

त्या दिवशी परतताना तुम्ही गाडीत माझ्या शेजारी बसला होतात. बाहेर नुसतं उजाड. मी म्हटलं, मामा, अशा वर्षी हे बरं दिसतं का? तुम्ही म्हणालात, "पिकलं म्हणून जेवायचं असतं तर माणसानं हिशेबच करावा. मी केला की हिशेब. शटर ओढून." आणि झोपलात. तोंड उघडं टाकून. त्यावर मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. तुम्ही झोपलात हे बरंच झालं, असं वाटलं मला. मी विनोद शोधत होतो आणि सापडत नव्हता.

आणि तो जिल्हा! त्यावरचा वाद तर आपला तसाच राहिला. लातूर जिल्हा झाला तेव्हा तुम्ही तरणे होतात, दुकानाला पताका लावल्या होत्या, उस्मानाबादचा हेलपाटा वाचला म्हणून. मग देवणी तालुका झाली, तेव्हाही लावल्या. आता उदगीर जिल्हा होणार म्हणून पताकांचं कापड वेगळं काढून ठेवलं होतंत, कुणाला विकत नव्हतात. मी म्हणायचो, मामा, जिल्हा होवो नाहीतर राजधानी, पाणी आमच्याकडूनच येणार. तुम्ही म्हणायचात, "जिल्हा झाला की पहिला ठराव करतो. नांदेडच्या जावयांना बंदी." ते कापड अजून तिथंच आहे, मामा. गुरुनाथ विचारत होता काय करायचं. राहू दे म्हटलं. जिल्ह्याचं काही सांगता येत नाही.

तुम्ही लोकांच्या शेवटच्या कापडाला कधी माप लावलं नाहीत. गावात कुणी गेलं की दुकान उघडायचात आणि हातानंच टर्रकन फाडून द्यायचात. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "त्याला आता कुठं शिवायचंय? मीटर जित्या माणसाला." त्या दुपारी तुमच्यासाठी कापड काढायला शिवा दुकानात गेला. मी मागोमाग. तो कात्री घेऊन, मीटरपट्टी घेऊन उभा. मी पट्टी काढून घेतली. म्हटलं, आप्पांच्या पद्धतीनं. त्यानं दातात धरून फाडलं. वाकडं फाटलं. लई वाकडं. आम्ही दोघं त्या वाकड्या कडेकडं बघत राहिलो, आणि शिवा म्हणाला, "आप्पांनी बघितलं असतं तर मला पुण्याला जाऊ दिलं नसतं." तसंच तुम्हाला पांघरलं. विमानात, त्या सजवलेल्या पालखीत, बसवून नेताना ती कड वाऱ्यावर हलत होती.

रुद्रभूमीत तुम्हाला माती देऊन परत आलो तर स्वयंपाकघरात पातेली. हरभरा, वाल, वाटाणा, सगळं भिजलेलं. कोपऱ्यात अंबिलीची बिंदगी, वर फडकं बांधलेलं. उद्या येळवस. शिवाची बायको हळूच म्हणाली, "हे काय करायचं?"

शिवा म्हणाला, "गाईला घालू."

मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून त्या रडल्या नव्हत्या. म्हणाल्या, "काल सांजच्याला त्येंनी भिजवलंय. सोताच्या हातानं. वाटाणा बी त्येंनीच निवडला. उद्या रानात जायचं."

"आई!"

"आपल्यात सुतक न्हाई. आपल्या शरणसंतांनी काढून टाकलंय ते."

"सुतकाचं नाही गं. लोक काय म्हणतील? काल बापाला मातीत बसवलं आणि आज पोरं रानात जेवतात?"

"लोक काय म्हणत्यात ते तुझ्या बापानं कवा ऐकलं? दुष्काळात लुगड्याची खोप केली त्या माणसानं." मामींचा आवाज बारीक झाला. "हे वाटाणं मी गाईला घालणार न्हाई शिवा. इतकी वर्सं डबा धाडला मी दुकानात. डबा. त्यो माणूस आत्ता कुठं बाहेर जेवाय लागला होता."

शिवा माझ्याकडं वळला. "भावजी, तुम्हीच सांगा."

मी उठलो, अंगण ओलांडून दुकानात गेलो. गादीवर ते गुलाबी ठाण तसंच पडलेलं होतं, तुमच्या मांडीवरून उतरवून बाजूला ठेवलेलं. ते खांद्यावर घेतलं आणि आणून दारात गाडीच्या टपावर टाकलं. मामी उठल्या आणि चुका निवडायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे रानात. बांधापर्यंत आलो आणि थांबलो. दादारावांनी मी सांगितल्याप्रमाणे कडब्याची खोप उभी केली होती, ती मोडली नव्हती. ते आणि त्यांची बायको बाहेर नुसतेच बसले होते, चूल पेटवलेली नव्हती. काल तुम्हाला माती द्यायला ते आले होते. आज आम्ही येऊ असं त्यांना वाटलं नसणार. आम्हाला बघून ते उभे राहिले.

आणि आमचे पाय उचलेनात. नंदाच्या हातात पातेलं, शिवाजवळ उंडे, माझ्या खांद्यावर ठाण, शिवाच्या पोरीच्या हातात बिंदगी. दरवर्षी बांधावरून पहिला पाय तुम्ही टाकायचात, ओरडत. आता कोण टाकणार? मामी सगळ्यांत पुढं होत्या आणि त्यांचा एक पाय बांधावर तसाच होता. मला वाटलं, आता या मागं फिरणार. चूक झाली. आणायला नको होतं.

दादाराव जवळ आले नाहीत. तिथूनच, हात जोडून, सगळ्या रानाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"या मामी. लाजू नका. आपलंच रान समजा."

पहिल्यांदा हसल्या त्या मामीच. खळखळून, बांधावरच, तोंडावर पदर न घेता. मग त्या हसण्याचंच रडं झालं आणि त्या खाली उतरून रानात गेल्या. आम्ही मागोमाग.

जेवलो, मामा. भज्जी चांगली झाली होती. चुका जरा जास्त पडला. तुमच्या नातीनं बिंदगीच्या तोंडाला हात लावून "ओलगे" कसं म्हणायचं ते मला विचारलं, आणि मी तिला सांगितलं, नाटक न करता, नीट. चक्कर आम्ही दोघांनी मारली.

एक राहिलंच. माझी भीती तुमच्यासारखी कुणी घालवली नाही. म्हातारपणाची. माझे वडील लवकर गेले, त्यामुळं माझ्यासमोर म्हातारं होऊन दाखवायला कुणी नव्हतं. मला वाटायचं, ते म्हणजे औषधाच्या गोळ्या आणि खाट. तुमच्याकडं बघून वाटायला लागलं, आपलंही लवकर होवो. हे तुम्हाला सांगायचं होतं, पण सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "हितं पेढे वाटू का?"

असो. जेवण झाल्यावर आम्ही खोपीवर तुमचं कापड चढवलं. कडबा मोडला नाही, तुमचं गुलाबी ठाण वरून पांघरलं आणि चारी बाजूंनी बांधलं. आत माझा कडबा, वर तुमचं कापड. दादारावांची बायको म्हणाली, मिटला बघा वाद.

मिटला नाही, मामा. तुम्ही जिंकलात असं समजू नका.

आल्यावर बोलू.